आप्पांचा फुगा: मुठीच्या दाबावर घंटा, पंखा आणि मोबाईल (प्रकल्प नोंदी)

८ जून, रविवार

मार्चमध्ये आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) झाला. जानेवारीत पुण्यातल्या साथीच्या बातम्यांत हे नाव ऐकलं होतं, तेवढंच. सात आठवडे दवाखाना, त्यातले बरेचसे व्हेंटिलेटरवर. आता बेळगावच्या वडगावात घरी आहेत. श्वासासाठी पाडलेलं गळ्याचं भोक बुजलंय, पण आवाज फुसका निघतो, पलीकडच्या खोलीतसुद्धा पोचत नाही. हात उचलता येत नाहीत. बोटं मात्र थोडी मिटतात. सुधारतील असं डॉक्टर म्हणतात, पण महिने लागणार.

आई त्यांच्या उशाशी झोपते, म्हणजे झोपतच नाही. उशी सरकली तरी उठून बसते. म्हणून बिनतारी बेल आणली, ३५० रुपये. तिचं बटण आप्पांच्या अंगठ्याखाली टेपने चिकटवलं. बटण दाबायला लागतो तेवढा जोर अंगठ्यात नाही. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा माझ्याकडे बघून डोळे मिटले. ती बेल कपाटावर ठेवली.

आता थोड्याशा दाबावर चालणारं काहीतरी स्वतः करायचं. आधी घंटा, जमलं तर पंखा, मग मोबाईल. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पॅनेल, कॉन्टॅक्टर, न्यूमॅटिक हे रोजचं. बारीक इलेक्ट्रॉनिक्स आणि कोड आपल्याला येत नाही. निपाणीचा भाचा डिप्लोमाला आहे, कोड त्याच्याकडे. घरात असंच कुणी अंथरुणावर असेल तर त्यांना कामाला येतील म्हणून या नोंदी.

११ जून

एफएसआर आला. दाबला की ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो अशी ती पातळ गोल चकती. ३८० रुपये. शेपटीला वायर सोल्डर करायला बसलो, आमच्या ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने. दोन सेकंदांत शेपटीचं प्लास्टिक गोळा झालं आणि आतली चांदीची रेघ तुटली. ३८० गेले. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, त्याला सोल्डर करत नाहीत, पिनावर कनेक्टर बसवतात." हे कालच सांगायला काय झालं होतं रे.

१५ जून, रविवार

दुसरा एफएसआर. यावेळी शेपटीच्या पिना सरळ कनेक्टरमध्ये खोचल्या. १० किलोओमचा रेझिस्टर, ईएसपी३२ बोर्ड (कोड घालून चालवायचा छोटा संगणक), स्क्रीनवर दाबाप्रमाणे ० ते ४०९५ आकडा. माझ्या अंगठ्याखाली भारी चाललं. आईनेही दाबून बघितलं आणि हसली.

आप्पांच्या तळहातात ठेवल्यावर सगळं फिसकटलं. ज्या भागावर दाब कळतो तो जेमतेम अर्ध्या इंचाचा. त्यांची बोटं मिटताना कधी त्या गोलावर येतात, कधी शेजारी. मग वरून फोमचा तुकडा आणि त्यावर पाच रुपयांचं नाणं चिकटवलं, म्हणजे बोट कुठेही पडलं तरी दाब मध्यभागी जाईल. त्याने बराच फरक पडला.

दुसरी अडचण मात्र गेली नाही. हात नुसता टेकलेला असला तरी आकडा वर सरकत राहतो. सुरुवातीला ६०० होता, दहा मिनिटांनी ९००. हात तोच, वजन तेच. सारखा दाब राहिला की एफएसआर असा रांगतोच. सात-साडेसातशेच्या वर घंटा वाजवायची ठरवली तर थोड्या वेळाने ती आपणहूनच वाजणार. हजारावर ठेवली तर आप्पांची मूठ तिथपर्यंत पोचत नाही.

२२ जून, रविवार

आठवडा वाया. भाच्याने व्हेलोस्टॅटचा काळा कागद पाठवला होता, त्याचाही दाबला की रेझिस्टन्स कमी होतो. दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये तो घालून मुठीत धरायची गुंडाळी केली. गुंडाळलं की वळणाचाच दाब बसतो, सोडलं तरी आकडा मूळ जागी येत नाही, आणि हाताला घाम आला की आणखी वेगळं. चार दिवसांत टाकून दिली. खर्च २४०.

२४ जून

फिजिओच्या मॅडम आल्या होत्या. त्या कानडीच बोलतात, आप्पांना कानडी आमच्यापेक्षा चांगलं येतं. "हिडीरी… बिड्री… हिडीरी… बिड्री…" पकडा, सोडा. आज त्यांनी नवीनच केलं. बीपीच्या यंत्राचा कफ गुंडाळला, थोडी हवा भरून डायलचा काटा २० वर आणला आणि तो आप्पांच्या मुठीत दिला. हिडीरी म्हटल्यावर काटा २८ वर गेला. बिड्री म्हटल्यावर परत २०. बोटं कुठे पडली, हात वाकडा की सरळ, कशानेच फरक पडला नाही. मूठ मिटली की काटा हलला.

मी चहा घेऊन दारात उभा होतो, तसाच उभा राहिलो. कारखान्यात दिवसभर प्रेशर स्विच बदलणारा माणूस मी, आणि दोन आठवडे चकत्या चिकटवत बसलोय.

हवेचा आणखी एक फायदा आहे, तो आधी लिहून ठेवतो. पलंगापर्यंत वीज न्यावी लागणार नाही. आप्पांच्या हातात फक्त रबर आणि नळी, बोर्ड-बिर्ड सगळं लांब टेबलावर.

२६ जून

खरेदी: बीपी यंत्राचा रबरी फुगा, सर्जिकलच्या दुकानातून, ९० रुपये. हवेच्या दाबाचा सेन्सर, एचएक्स७१०बी चिप (सेन्सरचे मिलिव्होल्ट आकड्यात बदलणारी) लावलेलं छोटं मॉड्यूल, १६० रुपये. ४ मिमीची पीयू (पॉलीयुरेथेन) नळी आणि दोन टी (तीन तोंडांचे जोड) कारखान्याच्या भंगारातून, स्टोअरवाल्याला विचारून. सेन्सरचं तोंड नळीपेक्षा बारीक आहे. सलाईनच्या नळीचा बोटभर तुकडा गरम पाण्यात बुडवून मऊ केला आणि त्यावर चढवला, घट्ट बसला. घरात जुनं डायलचं बीपी यंत्र होतं, त्याचा डायल दुसऱ्या टीवर. स्क्रीनवरचा आकडा खरा की खोटा हे डायलवर लगेच कळतं. तुम्हीही करत असाल तर डायल लावाच. पुढच्या सगळ्या चुका मला डायलमुळेच सापडल्या.

२९ जून, रविवार

जोडलं. दाबलं, आकडा वाढला. सोडलं, उतरलाच नाही. परत दाबलं, आणखी वाढला. पाच-सहा वेळा दाबल्यावर ८३८८६०७ येऊन थांबला आणि मग काही केलं तरी हलेना.

बीपीचा फुगा हा पंप असतो, हे डोक्यातच आलं नाही. मागच्या टोकाला हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, पुढे हवा परत येऊ न देणारा. मी सेन्सरमध्ये हवा भरत बसलो होतो. पुढचा व्हॉल्व्ह काढून टाकला, मागचा अॅराल्डाइटने बुजवला. आता तो नुसता बंद फुगा.

त्या आकड्याबद्दल: ८३८८६०७ म्हणजे २४ बिटच्या चिपची वरची हद्द. सेन्सर ४० किलोपास्कलचा म्हणून विकतात, म्हणजे डायलवर ३००. पण माझ्याकडे डायल ९० च्या आसपास असतानाच आकडा भरला. सेन्सर जेवढे मिलिव्होल्ट देऊ शकतो, तेवढे या चिपला मापता येत नाहीत, ती आधीच भरते. आपल्या कामाला ९० पुष्कळ झालं, आप्पांची मूठ दहाच्या पुढे जात नाही. टायरची हवा मोजायला मात्र कुणी हे मॉड्यूल घेऊ नका.

डायलवर १० वाढले की आकडा साधारण ९ लाखांनी वाढतो. हे भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलं. आई ओरडली.

३ जुलै

दोन संध्याकाळ वाया, आणि कारण लिहायचीच लाज वाटते.

फुगा आप्पांच्या हातात दिला की डायल शून्यावर. वीस मिनिटांनी बघावं तर ९. मूठ मिटलेली नाही, नुसता हात टेकलाय. मला वाटलं नळी कुठेतरी गळतेय. साबणाचं पाणी लावून एकेक जोड तपासला, कारखान्यात करतो तसंच. दुसऱ्या दिवशीही तेच. एकही बुडबुडा नाही. मग टेबलाशी बसल्यावर डोक्यात आलं की गळती असती तर दाब कमी झाला असता, वाढला कसा असता?

चहाचा गरम पेला फुग्याला टेकवून धरला. डायलचा काटा डोळ्यांदेखत चढला.

हाताची ऊब. बाहेर पाऊस, खोली गार, फुगा गार. आप्पांच्या हातात तो तापतो, आतली हवा बंद, मग दाब वाढणारच. सात-आठ अंश ऊब म्हणजे डायलवर आठ-दहा. आणि आप्पांची मूठ म्हणजे पण डायलवर आठ-दहा. दोन्ही सारखेच. घंटा ऊब लागून वाजली की मूठ मिटून, हे आकड्यावरून कसं कळणार?

६ जुलै, आषाढी एकादशी

कळण्याचा एकच रस्ता आहे. ऊब वीस मिनिटं घेते, मूठ अर्धा सेकंद. म्हणजे मोजायचा तो दाब नाही, दाब किती झटकन बदलला ते. भाचा म्हणाला, "कोडमध्ये करतो की, मागच्या मिनिटाची सरासरी वजा करायची." करू दे. पण मला आधी हवेतच करायचं होतं. कारण कोड चुकला तर मला दुरुस्त करता येत नाही, नळी येते.

उपाय म्हणजे मुद्दाम गळती ठेवायची. इतकी बारीक की हळू वाढणारा दाब निघून जाईल आणि मुठीचा झटका मात्र डायलवर दिसेल.

पहिला प्रयत्न, इन्सुलिनच्या सुईने नळीला भोक. पीयू नळी सुई काढली की परत मिटते. दुसरा, कारखान्यात हवेच्या सिलिंडरला लावतो तो स्पीड कंट्रोलर, तिसऱ्या टीवर. पाव आटा उघडला की सगळी हवा फुस्स, मिटला की पूर्ण बंद, मधलं काही सापडेना. तिसरा, सलाईनच्या सेटची नळी आणि तिच्यावरचं ते चाक. नर्स थेंब मोजत फिरवते तेच. नळीचं दुसरं टोक उघडं, आणि चाकाने गळती हवी तेवढी. हे जमलं! डायल ३० वर नेऊन धरला की आठ सेकंदांत १५ वर येतो, असं चाक लावलं आणि वरून टेप मारला, कुणी फिरवू नये म्हणून.

त्यातून एक आयती गोष्ट मिळाली. मूठ धरून ठेवलेली असताना थोडी हवा गळून जाते. मग सोडल्यावर फुगा परत फुगतो तेव्हा डायल शून्याच्या खाली जायला बघतो आणि सेन्सरवर आकडा उलट्या बाजूला जातो. म्हणजे धरलं तेही कळतं, सोडलं तेही कळतं. हिडीरी आणि बिड्री. भाच्याने कोडमध्ये हीच नावं दिली.

दुपारी आप्पांना अभंग लावून दिले. फुगा हातात होताच. टाळाच्या ठेक्यावर बोटं हलत होती. डायलवर २, २, ३.

१० जुलै

घंटा उशिरा वाजते, कधी कधी वाजतच नाही. ही चिप एरवी सेकंदाला १० वेळाच मोजते. आप्पांची मूठ झटक्यात मिटून सुटली की अख्खा झटका दोन-तीन मापांत संपतो. त्याच चिपला वाचताना २५ ऐवजी २७ पल्स दिले की ती सेकंदाला ४० वेळा मोजते. भाच्याने एक आकडा बदलला, झालं. आकडे थोडे जास्त थरथरतात, चालतंय.

घंटेसाठी कपाटावरची ती बिनतारी बेल उतरवली. तिच्या बटणाच्या दोन टोकांना वायरी जोडल्या आणि त्या रिलेला (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच). रिले एकदा लागला की सुटेना. मॉड्यूल ५ व्होल्टचं, बोर्ड ३.३ चा, त्यामुळे बोर्डाने "बंद" सांगितलं तरी त्याला अर्धवटच कळतं. मॉड्यूलवरचा जम्पर काढला, कॉइलला ५ व्होल्ट वेगळे आणि इनपुटच्या बाजूला ३.३ दिले. सुटायला लागला.

१३ जुलै, रविवार

काल पहिली रात्र. आईला आत झोपायला पाठवलं, मी बाहेरच्या खोलीत बेल उशाशी घेऊन. वहीत लिहीत होतो. अकरा वेळा वाजली, त्यातल्या चार खऱ्या. पाच वेळा खोकला, खोकताना मूठ आपोआप आवळते. दोनदा काहीच नाही, का वाजली कळलं नाही. सकाळी शिफ्टला गेलो तेव्हा डोळे चुरचुरत होते.

खोकल्याची मूठ मिटून लगेच सुटते. ०.३ सेकंदाच्या आत सुटलं तर सोडून द्यायचं असं केलं. त्यापेक्षा कडक करायला भाचा बघत होता, मी नको म्हणालो. मला दोनदा उगाच उठवलं तर चालेल.

दोनदा दाबलं की मोबाईल, हे आधी ठरवलं होतं. माऊसच्या डबल क्लिकसारखं, ०.६ सेकंदात. आप्पांना एक मूठ मिटून सोडून परत मिटायला दोन सेकंद लागतात. वेळ अडीच सेकंद केली तर एकदा दाबल्यावर घंटा अडीच सेकंद थांबून वाजणार, दुसरी मूठ येते का बघत. बाद.

मग असं: मूठ मिटायची आणि धरून ठेवायची. दीड सेकंदाला एक पीप, साडेतीनला दुसरी. पीप व्हायच्या आत सोडलं तर घंटा. एका पीपनंतर सोडलं तर पंखा. दोन पीपनंतर सोडलं तर मोबाईल. आणि सहा सेकंद सोडलंच नाही तर परत घंटा, काहीतरी बिनसलंय असं धरून. आप्पांना हे एकदाच समजावलं. दुसरी पीप ऐकून सोडताना भुवया उडवतात.

२० जुलै, रविवार

पंखा. २३० व्होल्टचं काम, म्हणून इथे घाई केली नाही. रिले बंद डब्यात, डबा भिंतीवर, पलंगापासून हातभर नाही तर पुरुषभर लांब. गल्लीतल्या वायरमनला बोलावून त्याच्याकडूनच जोडून घेतलं, २०० रुपये. कारखान्यात मी रोज पॅनेल उघडतो तरीसुद्धा. घरातल्या कामाला दुसऱ्याची नजर बरी.

पंखा लागतो झकास. बंद झाला की बोर्ड रीसेट होतो. दर वेळी नाही, तीनात एकदा. पंख्याची मोटर तोडताना रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, तिचा धक्का सप्लायमधून बोर्डाला. कॉन्टॅक्टरला आम्ही स्नबर (ठिणगी शोषून घेणारी जोडणी) लावतो, घरी विसरलो. १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा २७५ व्होल्टचा एक्स-टू कपॅसिटर, कॉन्टॅक्टच्या दोन टोकांना. ३० रुपये. थांबलं.

रीसेटमधून दुसरी एक चूक उघडी पडली. बोर्ड चालू होताना त्या क्षणीचा दाब शून्य धरत होता. गुरुवारी पावसात लाईट गेली, इन्व्हर्टरवर जाताना बोर्ड रीसेट झाला, आणि नेमकी तेव्हा आप्पांची मूठ मिटलेली. ती मूठ म्हणजेच शून्य झालं. सुटल्यावर आकडा खाली, पुढची मूठ शून्यापर्यंतच पोचली, घंटा नाही. आता कोडही मागची सरासरी धरून चालतो. भाचा पहिल्यापासून सांगत होता तेच.

२७ जुलै, रविवार

मोबाईल. बोर्ड ब्लूटूथ कीबोर्ड बनतो आणि प्ले-पॉजची कळ पाठवतो. कोड कम्पाइलच होईना, लायब्ररीतच (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) चूक दाखवत होता. ईएसपी३२ च्या सॉफ्टवेअरच्या ३ नंबरच्या आवृत्तीपासून ब्लूटूथच्या भागात बदल झालाय, जुनी लायब्ररी त्यावर चालत नाही. आधीची २.०.१७ आवृत्ती टाकली, चालली. हे कळेपर्यंत भाच्याचे दोन दिवस.

संध्याकाळी आई मोबाईल घेऊन आली. "अरे, टायपिंगची अक्षरं गेली. काय करूलालास त्याला?" मोबाईलला वाटतं खरा कीबोर्ड जोडलाय, म्हणून स्क्रीनवरचा लपवतो. सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्ड असतानाही स्क्रीनवरचा दाखव, असा पर्याय असतो. तो चालू केला. तोवर माझ्या बहिणीला, आक्काला, तीन व्हॉइस मेसेज गेले होते, सगळे माझ्याविरुद्ध.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखीला आक्का निपाणीहून आली. घर भरलं, पलंगाभोवती सगळे. दुपारी कुणीतरी उशी सारखी केली आणि नळी उशीखाली दुमडली. तीन तास घंटा मेलेली, आणि कुणाला कळलं नाही. आप्पा मूठ मिटत होते. माणसं खोलीतच होती म्हणून निभावलं. रात्री असं झालं असतं तर?

इतके दिवस मी उगाच वाजणाऱ्या घंटेमागे लागलो होतो. न वाजणारीचा विचारच केला नव्हता.

आज दोन गोष्टी केल्या. पलंगाजवळच्या भागात मऊ सलाईनची नळी होती, ती काढून तिथेही पीयू टाकली, ती सहज दुमडत नाही. आणि कोडमध्ये असं: हातात फुगा असला की आकडा सारखा बारीक हलत असतो, झोपेतसुद्धा. नळी दुमडली किंवा फुगा हातातून पडला की तो अगदी सपाट होतो. चाळीस मिनिटं सपाट राहिला की बेल दोनदा वाजवायची. आज दुपारी आप्पा गाढ झोपले असताना ती एकदा उगाच वाजली. राहू दे.

१७ ऑगस्ट, रविवार

आप्पा नुसती कूस सावरायला गेले तरी घंटा वाजते, असं आईने दोन दिवस सांगितलं. सेन्सर बिघडला म्हणून मी मॉड्यूल बदललं, आणखी १६०. तेच. मग डायलकडे बघितलं. जुलैत मूठ मिटल्यावर ९-१० यायचं. आज ३१.

घंटा वाजायची हद्द जुलैत ४ होती, आता १२ केली. आपोआप वाढेल असं भाचा करून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. दर रविवारी मी स्वतः डायल बघून बदलणार. मंगळवारी मॅडमना वही दाखवली, त्यांनी मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला. आता त्यांनाही दर आठवड्याचा आकडा हवाय, सकाळी जेवणाआधी, तीनदा मूठ मिटून त्यातला मोठा.

खर्च आज मोजला. चालू आहे त्याचा: बोर्ड ४५०, मॉड्यूल १६०, फुगा ९०, रिले १३०, बेल ३५०, सलाईन सेट ४०, वायरमन २००, डबा, स्नबर, वायर मिळून २२०. १,६४० झाले. वाया गेलेले: दोन एफएसआर ७६०, व्हेलोस्टॅट २४०, उगाच बदललेलं मॉड्यूल १६०. म्हणजे १,१६०. वेळ दहा आठवडे. फुग्यापासून सुरू केलं असतं तर दोनात झालं असतं.

फुग्याचं रबर रोज घामाने चिकट होतं. आई त्याच्यावर जुन्या धोतराचं फडकं शिवून देते, दोन दिवसांनी धुते. आकड्यात फरक पडत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. आप्पांना आरतीला बाहेरच्या खोलीत बसायचंय, खुर्ची सांगून ठेवलीय. बोर्ड आतच ठेवून नळी लांबवावी म्हणून ४ मीटर लावून बघितली. नळीतली हवाही दाबावी लागते, त्यामुळे तीच मूठ १ मीटरला ३१ दाखवते ती ४ मीटरला २६. घंटा वाजायची हद्द १२ वरून १० केली. सलाईनचं चाक थोडं उघडलं, परत आठ सेकंदांवर आणलं. दाराच्या फटीत नळी चेंगरते, तिथे लोखंडी पाइपचा वीतभर तुकडा घालायचा राहिलाय, तो उद्या कारखान्यातून आणतो.